बैठकीत ठरलेले दात

माझ्या लेकीचे पुढचे दोन दात जावयानं फोडले, आन् त्या जागी कसले दात बसवायचे ह्याच्यावर दोन्हीकडची मानसं विहारात बसून अख्खी दुपार भांडली. भांडली म्हंजी काय, मीच भांडले. बाकीचे चहा पीत व्हते.

मी सिंधुबाई. नेकनूरजवळच्या आमच्या गावात शाळेची खिचडी शिजवते. तोंडाची फटकळ हाय, कुनालाबी इचारा. मी ओरडल्याबगर पोरं रांगेत बसत न्हाईत, आन् मास्तरसुद्धा माझ्याशी जपून बोलत्यात. माझी लेक पौर्णिमा मात्र माझ्यावर गेली न्हाई, बापावर गेली. आमचे मालक, ज्ञानोबा, चार शब्द बोलायचे असले तर त्यातले तीन गिळनार. तसलीच पोरगी. तिला आष्टीकडं दिली, समाधानला. ट्रॅक्टर चालवतो, सीझनला कारखान्याचा ऊस वाहतो. दारू न्हाई, पत्ते न्हाईत. लग्नात बाया म्हनल्या, सिंधुबाई, पोरीनं नशीब काढलं बघा. मलाबी तसंच वाटलतं.

डिसेंबरात एक दिवस सकाळच्या एस्टीतून ती एकलीच उतरली. थंडी व्हती म्हनून मला वाटलं पदर तोंडावर थंडीचा घेतलाय. घरात येऊन पदर काढला तर वरचा ओठ टम्म सुजलेला, आन् पुढचे दोन दात तिरपे तुटलेले. एकाचा कोपरा गेलता, दुसऱ्याचा निम्मा शेंडा. म्या पैलं काय इचारलं माहिती का? आमू कुठाय. आमू म्हंजी आम्रपाली, माझी नात, सहा वर्साची.

"ठिवून घेतली," पौर्णिमा म्हनली. "नीट वागायचं कबूल करून ये म्हनले, मंग लेकरू मिळंल."

झालं काय व्हतं तर, समाधान दोन रात्री वाहतूक करून घरी आला आन् आईसंग मोठ्यानं बोलत बसला. ही म्हनली, हळू बोला, लेकरू आत्ताच झोपलंय. बस, एवढंच. त्यानं हातातला तांब्या फेकला न्हाई, हानला. तांब्या पितळंचा.

म्या तसंच चुलीवरलं उतरवलं, चपला घातल्या आन् पोलीस ठान्याला निघाले. मालक आडवे आले. म्हनले, "थांब. आमू तिकडं हाय. आधी समाजात बसू." आमच्या मालकांनी एका दमात एवढं बोलायचं म्हंजी लईच झालं. मी थांबले. तवाच निघाले असते तर पुढचं एवढं झालंच नसतं, पन पोरगीबी बापाच्या बोलन्याला मान हलवीत बसलेली, मी एकटी कुनासाठी जानार.

चार दिवसांनी आमच्याच विहारात बैठक बसली. त्यांच्याकडून समाधानची आई बायनाबाई आली, चुलता परमेश्वर आला, आनखी दोघं-तिघं. समाधान आला न्हाई, वाहतूक चालू हाय म्हनले. परमेश्वर म्हंजी कोर्टाच्या दारात उठबस असलेला मानूस. पांढरी पँट, खिशाला दोन पेनं, आवाज कदी चढवायचा न्हाई. पंचशील झालं, जयभीम झाला, आन् बायनाबाईनं सुरुवात केली की मोरीत पाय घसरला पोरीचा.

"मोरीत तांब्या उडून तोंडावर येतो का गं तुमच्याकडं?" म्या इचारलं.

परमेश्वरानं हात वर केला. म्हनला, "ताई, झालं ते झालं. आमचं चुकलं आसंल. आमी जबाबदारी घेतो. पोरीचे दात आमी बसवून देतो. बोला, कसे पायजेत."

इथंच आमचं गाडं वळलं. मी बोलायला उठलते ते पोरीबद्दल, आन् बोलाय लागले दाताबद्दल. बायनाबाई म्हनली, तेवढं तुटलंय तेवढ्यात सिमेंट भरून घ्यावं, कोन बघतंय. म्या म्हनलं, तुझ्या पोराच्या तोंडात भर सिमेंट. मंग त्यांच्यातल्या एकानं मेडिकलवाल्या भाच्याला फोन लावला आन् स्पीकरवर ठिवला. भाच्यानं सांगितलं की दोन प्रकार असत्यात. एक व्हिनिअर, दाताच्या पुढच्या अंगाला चिकटवायचा पातळ पापुद्रा. दुसरी कॅप, सगळा दात बारीक करून त्याच्यावर टोपीसारखी बसवायची. म्या इचारलं, घट कोनतं? तो म्हनला, कॅप.

"मंग कॅपच," म्या म्हनलं. "पातळ-बितळ मला चालनार न्हाई. कॅपच पायजे, आन् दोन्ही दातांना, आन् आष्टीत न्हाई, बीडात. चांगल्या डॉक्टरकडं."

मला वाटलं आता ते का-कू करत्याल. बायनाबाईनं तोंड उघडलंबी व्हतं. पन परमेश्वर लगेच म्हनला, "मंजूर. कॅपच बसवू. ह्याच आठवड्यात बसवू." वरून आनखी म्हनला, "तवर सरकारी दवाखान्यात न्हेऊ नका ताई. तिथले उगं सगळा दातच उपटून टाकत्यात."

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. जिंकल्यावानी घरी आले. मालकांना म्हनलं, पाहिलं का, तोंड वाजवल्याशिवाय कुनी काय देत न्हाई. मालक चुलीम्होरं हात शेकत बसलते. कॅप बसवून झाली की समाधान यील, पोरगी जाईल आन् आमू तिला मिळंल, असं बैठकीत ठरलतं. पोरीला कुनी इचारलं का? मीबी न्हाई.

बीडात डॉक्टर मोहिनी मॅडमचा दवाखाना वरच्या मजल्यावर हाय. तरनीच बाई, पन नजर तिखट. आमी चौघं गेलतो, पौर्णिमा, मी, बायनाबाई आन् परमेश्वर. मालक शेतात मजुरीला गेलते. मॅडमनी पौर्णिमाला खुर्चीत आडवं केलं, दिवा लावला, आरसा घातला तोंडात आन् इचारलं, "कसे तुटले?"

"मोरीत घसरली," बायनाबाई म्हनली.

मॅडम पौर्णिमाकडं बघत व्हत्या. पौर्णिमा दिव्याकडं. मंग मॅडमनी दोघांना भायेर बसायला सांगितलं, खुर्चीपाशी एकच मानूस थांबेल म्हनल्या. परमेश्वर म्हनला, "मॅडम, दोन्ही दातांना कॅप करायच्यात. तसं ठरलंय आमचं."

"काय करायचं ते तोंड बघून ठरतं," मॅडम म्हनल्या आन् दार लोटून घेतलं.

दाताचा फोटो काढला, एक्स-रे काढला. पडद्यावर मोठ्ठा दिसला माझ्या पोरीचा दात. तिचा पैला दात आलता तवा म्या त्याच्यावर चमचा वाजवून ऐकलता, टिक-टिक. आता त्याच जागंवर मॅडम पेनाची टोपी फिरवून दाखवत व्हत्या. नस उघडी पडली न्हाई, म्हनल्या. दोन्ही दात जिवंत हायेत. "व्हिनिअर लावलं तर समोरून थोडंसंच घासावं लागतं. तुमचा दात तुमचाच राहतो. क्राउन, म्हणजे कॅप बसवायची तर दात चारी बाजूंनी घासून खुंटाएवढा करावा लागेल. एकदा घासला की परत होत नाही. एवढ्याशा तुटीला मी तरी कॅप सुचवणार नाही."

"पन घट कॅपच ना?" म्या इचारलं.

"हो, मजबूत आहे."

"मंग तीच टाका. टिकली पायजे."

"कशात टिकली पाहिजे?" मॅडमनी इचारलं.

मी तोंड उघडलं. भाकरीत म्हनावं का ऊस सोलन्यात म्हनावं, काय सुचंना. कारन मी काय म्हनत व्हते ते मलाच आत्ता ऐकू आलतं. पुढच्या टायमाला तांब्या बसला तर टिकली पायजे, असं मी बोलत व्हते. बैठकीतबी तेच बोललते, सगळ्यांम्होरं, कंबरंला पदर खोचून.

मॅडमनी हातमोजे काढले. हळू बोलाय लागल्या. "हे घसरून झालेलं नाही, बरोबर? हनुवटीला खरचटलेलं नाही, हाताला काही नाही, आणि ओठ आतून फाटलाय. सरकारी दवाखान्यात दाखवलं का?"

"न्हाई. नका न्हेऊ म्हनले."

"कोण म्हणालं?"

म्या दाराकडं बोट केलं. मॅडम दाराकडं बघून म्हनल्या, "मारहाणीत दात तुटला तर कायद्यात ती गंभीर दुखापत धरतात. साध्या मारापेक्षा मोठा गुन्हा होतो. पण सरकारी डॉक्टरनं तुटलेला दात डोळ्यांनी बघून लिहायला हवं. माझ्याकडे फोटो आहे, पण फोटोवर वकील शंभर प्रश्न काढतील. मी हे दात घासून खुंट केले, की मग तोंडात बघण्यासारखं काही उरत नाही."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. परमेश्वर लगेच मंजूर कावून म्हनला. ह्याच आठवड्यात कावून. मला वाटलं म्या त्याच्याकडून कॅप वसूल केली, आन् त्याला तर तीच पायजे व्हती. म्या माझ्या तोंडानं, भांडून भांडून, त्याचं काम करून दिलतं. असली चीड आली की वाटलं, दार उघडून त्याच्या त्या दोन पेनांसकट त्याला जिन्यावरून ढकलावं.

"चल ऊठ," म्या पौर्णिमाला म्हनलं. "सरकारी दवाखान्यात जाऊ. तिथून पोलिसात. बसू दे ह्यांना हितंच."

पौर्णिमा उठली न्हाई. म्हनली, "आमू?"

"कोर्ट दील की आमू. आई हायेस तू."

"कवा दील?"

मी मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हनल्या, मी दातांची डॉक्टर आहे, मला तारीख सांगता येणार नाही.

"केस झाली की ते आमूला घिऊन कारखान्यावर जातील, न्हाईतर तिच्या आत्याकडं पुन्याला ठिवतील," पौर्णिमा म्हनली. "ती मला इसरंल माय. सहा वर्साचं लेकरू लवकर इसरतं." एवढं बोलली आन् ओठाला रुमाल लावला, ओठ उललाता परत. मंग मॅडमकडं वळली. "मॅडम, पापुद्रा लावला आन् परत मार बसला तर?"

"सुटेल, नाहीतर तुटेल. पातळच असतो तो."

"आन् कॅपला मार बसला तर?"

"चांगली कॅप सहसा फुटत नाही. जोरात मार बसला तर आतलं मूळ तुटतं, हिरडीच्या आत. बाहेरून कॅप तशीच दिसते कधीकधी."

"मंग पापुद्रा लावा," पौर्णिमा म्हनली.

"येडी झालीस का?" म्या म्हनलं. "टिकत न्हाई म्हनल्या ना त्या."

"टिकत न्हाई म्हनूनच." माझी पोरगी आयुष्यात कदी एवढं लांब बोलली नसंल. "मी जाते परत. आमूला कुशीत घेते. आता त्यांचं ध्यान हाय माझ्यावर, चार-दोन महिन्यानं सुटंल. तवर आमूला माझ्यासंगं हितं-तितं न्यायची सवय पाडते त्यांना. मंग तो जवा मारंल तवा हे फुटंल. फुटलं की त्याच मिनिटाला आमूला घिऊन निघंन, कुठं थांबनार न्हाई, सरळ सरकारी दवाखाना. तवा कुनी म्हननार न्हाई मोरीत घसरली. दात आपलाच राहिलेला असंल आतमदी. दिसंल सगळ्याला."

मॅडमनी तोंड फिरवून हात धुतले. लई वेळ धुतले. मंग म्हनल्या, "व्हिनिअर फुटलं तर तो दात तुटला असं धरतील की नाही, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. आणि मार तेवढ्यावरच थांबेल असंही नाही." पौर्णिमा म्हनली, माहिती हाय. काय माहिती हाय गं तुला, असं मला वरडायचं व्हतं, पन दाराला कान लावून बसलेली दोन मानसं व्हती पलीकडं.

मी भायेर गेले. जे काम मला करावं लागलं ते दुश्मनावर येऊ नये. विहारात जिच्यासाठी घसा फोडलता ती कॅप मलाच मोडीत काढायची व्हती, आन् खरं कारन तर सांगायचं न्हाई.

"कॅप नको," म्या म्हनलं. "पातळवालं लावायचं."

परमेश्वराच्या भुवया वर गेल्या. "ताई, बैठकीत तर तुमीच…"

"बैठकीत म्या कॅप पाहिली व्हती का? आत्ता पाहिली. भुंड्या दगडावानी दिसती. माझी पोरगी देखनी हाय, मला तिचं तोंड इद्रूप करायचं न्हाई."

"पन घट…"

"घट काय करायचंय? तिला काय खिळे चावायचेत? का तुमचा पुतन्या परत तांब्या हाननार हाय, म्हनून घट पायजे? तसं आसंल तर सांगा, मी मॅडमलाबी सांगते."

वेटिंगमदले दोन पेशंट मान वर करून बघाय लागले. बायनाबाईनं परमेश्वराच्या बाहीला धरलं आन् म्हनली, जाऊ द्या भाऊजी, ह्या बाईचं डोकं ठिकानावर न्हाई, सकाळी एक म्हन्ती दुपारी एक. म्हनू दे तिला. मॅडमनी दार उघडून शांतपनी सांगितलं, ह्या दातांना व्हिनिअरच योग्य आहे, कॅप मी करणार नाही.

पुढच्या खेपंला पापुद्रे बसवले. नखावानी पातळ, दाताच्याच रंगाचे. पौर्णिमाचे दात आमच्याकडल्या पान्यानं जरा पिवळटच व्हते, मॅडमनी तसाच रंग मिळवलता. मॅडमनी आरसा धरला. म्हनल्या, पुढच्या दातांनी पेरू, ऊस, कडक भाकरी तोडायची नाही, जपून राहा. पौर्णिमानं आरशात बघितलं आन् हासली. लई सुंदर दिसली. म्या तिच्याकडं बघितलंच न्हाई, पिशवीत तोंड घालून रुमाल हुडकत बसले.

दोन दिवसांनी समाधान घ्यायला आला. आमूला संगं घिऊन आलता. आमू आईच्या तोंडाला हात लावू लावू बघत व्हती. समाधान हासून म्हनला, "मामी, पैल्यापरीस चांगले दिसत्यात की." चहा पिला, मालकांच्या पाया पडला आन् दोघींना गाडीवर बसवून घिऊन गेला.

मंग माझं रोजचं सुरू झालं. खिचडी उतरवली, पोरं जेवली, भांडी झाली की मी शाळंच्या मागच्या लिंबाखाली जाऊन फोन लावायची. जेवलीस का, आमू शाळंत गेली का, आन् मंग, दात कसे हायेत.

"हायेत," ती म्हनायची.

आता मी जे सांगते ते कुठल्या आईनं सांगू नये. ती "हायेत" म्हनली की मला वाईट वाटायचं. मला वाटायचं, अजून किती दिवस. एकदाचा फुटू दे, एकदाचा त्याचा हात पडू दे आन् सुटू दे माझी पोरगी. मी बुद्धमूर्तीम्होरं मेनबत्ती लावून बसायची, हात जोडायची, आन् मनात काय यायचं तर लेकीच्या तोंडावर मार. ह्याच्यापरीस मानसानं मरावं. माघ गेला, फागुन गेला, कारखाना बंद झाला, समाधान घरी बसला, आन् तरी दात हायेतच. मला तर मदीच असंबी वाटाय लागलं की सुधारला आसंल. मालकांना तसं बोलले. मालक म्हनले, "बघू."

जयंतीला ती आली, आमूला घिऊन. आता आमूला सगळीकडं संगं न्हेते, कुनी काय म्हनत न्हाई, म्हनली. चौदा तारखेला मिरवनूक झाली, आमू निळा फेटा बांधून नाचली. दुसऱ्या दिवशी समाधान न्यायला येनार व्हता. एप्रिलचं ऊन, पत्रा तापलेला, आन् हिनं मनगटापोतर बाह्या असलेला ब्लाऊज घातलेला. कालबी तसलाच व्हता.

"काढ की ते, माझा घाल एखादा," म्या म्हनलं.

"असू दे."

"अगं भाजून निघशील."

"असू दे म्हनलं ना माय."

मी तिची बाही धरून वर सारली. कोपराच्या वर हिरवं-पिवळं, त्याच्यावर निळं, त्याच्यावर ताजं लाल. पाठीवरचा पदर वढला. पाठीचं सांगत न्हाई मी. लिहिनारानं लिवू नये आन् ऐकनारानं ऐकू नये अशी पाठ व्हती ती.

"कवापासून?"

"गेल्यापासूनच."

"आन् मी रोज इचारीत व्हते की गं."

"तू दात इचारीत व्हतीस," पौर्णिमा म्हनली. राग न्हवता तिच्या बोलन्यात, असता तर बरं झालं असतं. "दात नीट हायेत. तोंडाला हात लावत न्हाई तो आता. त्याच्या परमेश्वर चुलत्यानं समजावलं त्याला, मला परत न्हेलं त्याच दिवशी. मी सैपाकघरात व्हते, ऐकू येत व्हतं. म्हनले, तोंड सोडून."

तोंड सोडून. एवढी मानसं बसवून आमी बैठकीत जे ठरवलं, त्याचा त्या घरात एवढाच अर्थ लागलता. आमच्यामुळं माझ्या पोरीची फक्त जागा बदलली मार खायाची. आन् पोरगी इतके महिने पाठीवर झेलीत वाट बघत बसली, की कवा तोंडावर यील.

अंगनातून आमूचा आवाज येत व्हता. शेजारच्या पोरीसंगं चिंचोके खेळत व्हती. मला एकदम कळलं. "अगं," म्या म्हनलं, "आमू हितं हाय."

पौर्णिमा माझ्याकडं बघाय लागली.

"आमू आपल्या दारात हाय. लेकरासाठीच गेलतीस ना? मंग आता कशाची वाट बघतीस? जायचं न्हाई."

"पन माय," ती म्हनली, आन् खरोखर तिच्या डोळ्यात भीती व्हती, "दात तर शाबूत हायेत. कोन मानंल?"

असलं पोरगी बोलती म्हंजी आमी सगळ्यांनी मिळून काय केलतं तिचं. म्या तिचं तोंड दोन्ही हातात धरलं आन् म्हनलं, "म्या मानते. तुझा बाप मानतो. उद्या सरकारी दवाखान्यात पाठ दाखवू, मानलं तर मानलं. न्हाई मानलं तरी तू जानार न्हाईस." मालक उंबऱ्यात बसलते, सगळं ऐकत. त्यांनी आमूला हाक मारली, उचलून आत आनलं आन् मांडीवर घेतलं. हात लेकराभोवती घट आवळला.

उद्या परमेश्वर यील, परत बैठक मांडील, परत पंचशील म्हनतील, मला सगळं माहिती हाय. ते पाठीचंबी कायतरी ठरवायला बघतील.

पाच वाजायच्या सुमाराला समाधानची गाडी दारात आली. इंजिन चालूच ठिवून त्यानं हाक मारली, "मामी, झाली का तयारी?"

मी दारात उभी राहिले. "ती येत न्हाई. आमूबी येत न्हाई."

मला वाटलं चिडंल, अंगावर यील. मी तयारच व्हते. पन तो चिडला न्हाई. गाडीवरून उतरला, माझ्याकडं बघितलं, माझ्यामागं मालकांकडं बघितलं. त्याला खरंच कळंना. लेकराला इनाकारन मार बसल्यावर ते कसं बघतं तसा बघत व्हता.

"कावून?" तो म्हनला. "आता काय झालं? बैठकीत ठरलं ते सगळं केलं की आमी."

मी दार लावून आतून कडी घातली. तो भायेर तसाच उभा. जरा वेळानं दारावर बोटं वाजवली, हळूच, पाव्हन्यावानी.

"मामी," तो म्हनला, "दात तर बसवून दिले ना?"